पोट सोडून शिवलेली गोधडी

मी हे लिहावे की नाही, याची मला अजून खात्री नाही. लिहिणाऱ्याची भाषा घोटलेली असावी लागते. निजामाच्या राज्यातल्या शाळा उर्दू, म्हणून माझे सगळे शिक्षण उर्दूत झाले. मराठी मी घरात बोललो, रानात बोललो, पण कागदावर फारशी उतरवली नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पाटीसुद्धा हातात धरलेली नाही, त्यामुळे हे वाक्य बरोबर झाले का, असे विचारायलाही कोणी नाही. त्यात विषय गोधडीचा. शिकलेल्या माणसाने गोधडीवर काय लिहायचे, असे कोणी म्हणाले तर मला उत्तर देता येणार नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. मला एका गोष्टीचा राग आलेला आहे. तो बोलून गेला नाही, झोपेने गेला नाही, म्हणून लिहून पाहतो.

आमचे गाव बदनापूर स्टेशनापासून पायी जाण्यासारखे आहे. आजोबांपर्यंत आमच्या घरची माणसे मेंढरांमागे हिंडत. मग थोडी जमीन झाली, मेंढरे कमी झाली, आणि वडिलांच्या हातात काठीऐवजी औत आले. वडिलांना आम्ही बा म्हणतो आणि आईला माय. माझी थोरली बहीण, अक्का, वडीगोद्रीकडे दिलेली. तिचे सासरे आमच्यातलेच, पण त्यांची जमीन काळी आणि विहीर बारमाही, म्हणून ते स्वतःला आमच्यातले म्हणवून घेत नाहीत.

लढाई संपली होती, तरी कापड कंट्रोलवरच, ठरवून दिले तेवढेच, मिळत होते. त्या साली अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि होळीच्या सुमाराला तिला मुलगा झाला. बाळाने बाळसे धरले की सासरचे गाडी घेऊन येतात आणि बाळ-बाळंतिणीला नेतात. त्या गाडीत माहेरच्या दोन गोधड्या जाव्या लागतात, एक मोठी आणि एक बाळाची. गोधडीशिवाय लेक पाठवत नाहीत. गोधड्या जेव्हा तयार, तेव्हा गाडी येणार, इतका तो सरळ हिशेब आहे.

मायने दोन्ही गोधड्यांचे तुकडे आधीपासून जमवले होते. मोठीत बाचे जुने पटके, धोतरे, माझा शाळेतला पायजमा, अक्काचे लहानपणचे परकर. तुकडे लहानमोठे होते, पण तिने ते असे लावले होते की लांबून पाहिले तर नांगरलेले, पेरलेले आणि पडीक असे शेताचे तुकडे शेजारी शेजारी दिसावेत. बाळाच्या गोधडीला फक्त लुगड्याचा मऊ भाग घेतला होता. तुकडे जोडून, अस्तर लावून, थर टाचून झाले होते. आता राहिले होते ते सबंध गोधडीवरून चालणारे टाके.

हे टाके आमच्याकडे काठापासून सुरू होतात. एक फेर झाला की त्याला लागून आतून दुसरा, असे करत सुई मध्याकडे सरकते. मधे हातभर चौकोन उरला की त्याला पोट म्हणतात. टाके घालण्याआधीच या चौकोनाखाली, थरांच्या आत, चिमूटभर जवारी ठेवलेली असते. माय म्हणायची, "गोधडी उपाशी ठेवू न्हाई. उपाशी गोधडी ऊब देत न्हाई." मग पोटावरूनही टाके घालून गोधडी पुरी करायची. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी औरंगाबादच्या कॉलेजातून घरी आलो होतो, तेव्हा अक्काचे सासरे नातू पाहायला आले. ओसरीवर माय मोठी गोधडी पसरून पहिला फेर घालत होती. ती डोक्यावरचा पदर ओढून आत गेली. व्याह्यांनी जोड्याच्या टोकाने गोधडीचा काठ उलटून पाहिला. मी हे मुद्दाम लिहितो आहे. हाताने नाही, जोड्याने.

"काय इवाई," ते बाला म्हणाले, "मेंढरं सुटली, पण वाकळ काही सुटली न्हाई तुमची."

बा हसला. तो अशा वेळी हसतो.

"आमच्याकडं हातची वाकळ सालगड्याला देत्यात," व्याही म्हणाले. "माझ्या नातवाला मशीनची टीप पाहिजे. जालन्याला दर्जी बराबर करून देत्यात, नक्षीसकट. तशी करा, मंग सांगावा धाडा. गाडी जल्दी येईल."

"मशीनची टीप आणि हातचा टाका यात फरक काय पडतो?" मी विचारले. माझा आवाज वाटला तितका धीट निघाला नाही.

"ह्ये कालिजात शिकवत न्हाईत काय?" ते बाकडे पाहून म्हणाले. "मंग कशापायी खर्चा करून राह्यले पोरावर?"

बाने मला डोळ्यांनी गप्प केले आणि म्हणाला, "करू की. मशीनची करू."

आत चुलीपाशी माय होती. तिने ऐकले. तिला कोणी विचारले नाही. संध्याकाळी तिने घातलेला तो पहिला फेर स्वतःच उसवला. दोरा वाया जाऊ नये म्हणून बोटाला गुंडाळत होती. मला तिचा नाही, आमच्या सगळ्यांचा राग आला. जिने ते तुकडे निवडले, कापले, जोडले, तिचाच हात त्या कापडाला नको झाला, आणि हे ठरवणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता.

पुढचा प्रकार तर याहून वाईट झाला. मी जालन्याला जाऊन एका दर्ज्याकडून नमुन्याची पट्टी आणली. कोऱ्या मांजरपाटावर त्याने मशीनने चार प्रकारच्या टिपा घातल्या होत्या. सरळ रेघा, तिरकी चौकडी, पाण्यासारखी लहर, आणि वेल. ती पट्टी ओसरीवर हातोहात फिरली. बा, चुलते, शेजारचे दोघे तिघे म्हातारे, सगळे नक्षी पसंत करायला बसले. बैल घेताना बसतात तसे.

"लहर घ्या, लहर. हैद्राबादेला हीच चालती."

"चौकडी पक्की असती. फाटायची न्हाई."

"आरं, पर वेल शोभती. बघणाऱ्यानं बघितली पाहिजे."

गोधड्या आत घडी घालून ठेवलेल्या होत्या. नक्षी निवडताना कोणी त्या बाहेर आणवल्यासुद्धा नाहीत. सदरा कोणाच्या अंगावर चढायचा ते न पाहता शिवायला टाकावा, तसे ते चालले होते. शेवटी लहर मुक्रर झाली, आणि का, तर हैद्राबादेला चालते म्हणून.

मी पट्टी घेऊन आत गेलो. "माय, तू सांग."

"मला काय कळतं मशीनचं?"

"मशीनचं नको. गोधडीचं सांग."

तिने पीठ झाडून हात पुसले, मोठी गोधडी उलगडली आणि पट्टी तिच्यावर ठेवून इकडून तिकडे सरकवली. अक्का बाळाला पाजत पाहत होती.

"ही लहर बघ," माय म्हणाली. "परकराचा तुकडा चालला असा, पटका चालला तसा, आन् ही बया त्यांच्या मधूनच चालली. तिला कुणाचं काही देणंघेणं न्हाई."

"आणि चौकडी?"

"चौकडी बैलाच्या झुलीला. शिवाय जुनं कापड हाय. येवढे बारीक टाके उलटसुलट घातले की तिथंच चिरंल."

"वेल?"

अक्का मधेच म्हणाली, "वेल माझ्या सासऱ्याच्या फेट्यावर काढ म्हणावं."

माय हसली. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा हसली, असे मला आठवते. मग तिने सांगितले. मोठीत तुकडे आडवे लांब आहेत, म्हणून तिला सरळ रेघा, तुकड्यांच्या जोडाला धरून, बोटभर अंतर सोडून. रेघा दाट झाल्या तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होईल आणि विरळ झाल्या तर आतले थर सरकून गोळा होतील. बाळाची मात्र फेराचीच पाहिजे, काठाकडून आत. मी म्हणालो, "मग हे दर्ज्याला तूच सांग. मी सांगितलं तर विसरेन."

विसरलो नसतो. पण माझी इच्छा होती की ती यावी.

तिच्या येण्यावरून ओसरीवर पुन्हा चर्चा झाली. बायकांनी दर्ज्याच्या दुकानात जायचे काय कारण, असे चुलत्यांनी विचारले. "गोधडी बोलती व्हय, म्हणून सोबत पाहिजे?" लहर रद्द झाल्याचे मी त्यांना सांगितलेच नाही. दुसऱ्या दिवशी गाठोडे डोक्यावर घेऊन माय माझ्याबरोबर स्टेशनावर निघाली. बा आमच्या मागे काही अंतर आला, आणि मग वळून गेला.

जालन्याचा तो दर्जी म्हातारा होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. दुकान लहान होते. मशीन दारात होते, कारण उजेड तिथेच. मायने गाठोडे सोडले तेव्हा त्याने चष्मा वर करून दोन्ही गोधड्या उलटसुलट पाहिल्या.

"अम्मा, हे तुम्हीच जोडलं?"

"व्हय."

"मंग मशीन कशाला पाहिजे?"

मी म्हणालो, "सासरकडच्यांना पाहिजे."

"अच्छा," मास्तर म्हणाला. बस्स, तेवढेच.

मायने तिला काय हवे ते सांगितले. मोठीच्या सरळ रेघांना तो लगेच कबूल झाला. बाळाच्या गोधडीच्या फेरांना मात्र कुरकुरला. मशीनच्या पोटात जागा केवढी असते ते त्याने हात घालून दाखवले. प्रत्येक कोपऱ्यावर सबंध गोधडी गुंडाळून फिरवावी लागणार. "मोठीला फेर मागितले असते तर हात जोडले असते. छोटीला करतो. पण अम्मा, मध्यात गेल्यावर फिरवता फिरवता माझं डोकं फिरंल."

"थोडं थांबून फिरवा," माय म्हणाली. "मी धरते की."

आणि तिने खरोखर धरली. मास्तर पाय मारत होता, गोधडी सुईखालून सरकत होती, आणि कोपरा आला की माय पलीकडून ती उचलून वळवत होती. दोघे जणू वर्षानुवर्षे असेच काम करत आले आहेत. मी पायरीवर बसून होतो. माझे मन त्या दिवशी इतके शांत झाले होते की व्याह्यांबद्दलही मला फारसे काही वाटेनासे झाले होते.

फेर मध्याशी आले आणि खटकन आवाज झाला. सुई तुटली.

मास्तरने पाय थांबवला. बोटांनी कापड चाचपले. "हे काय अम्मा? खडा?"

माय गोंधळून म्हणाली, "खडा न्हाई. जवार हाय."

"जवार?"

"पोटाची."

त्याला आधी समजले नाही. मी समजावून सांगितले. मायच्या ध्यानातच आले नव्हते. हातची सुई दाणा लागला की बाजूने निघते, बोटाला कळते. मशीनला बोट नाही. तिने ते सांगायला हवे होते असे तिला कधी वाटलेच नाही, कारण गोधडीत दाणे असतात हे आमच्यात सांगावे लागत नाही.

सुया त्या वेळी मिळत नव्हत्या. मुंबईहून येणारा माल अजून सुरळीत झालेला नव्हता. मास्तर रागावेल असे मला वाटले. त्याने तुटका तुकडा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, "गोधडी जेवली बिलकुल पोटभर. माझी सुई उपाशी मेली."

मायच्या डोळ्यांत पाणी आले होते, तरी तिला हसू आवरेना.

"उसवून दाणे काढू," मास्तर म्हणाला. "मंग टीप घालतो."

"न्हाई," माय म्हणाली. "पोटात घातलेलं काढत न्हाईत."

"मंग?"

तिने हाताने मध्यावर चौकोन आखला. "येवढं सोडा. त्याच्या भवती फेर दुहेरी घाला. थर हलायचे न्हाईत. मोठीलाबी तसंच. रेघ चौकोनाशी थांबवा, पलीकडून पुन्हा घ्या."

मास्तरने ठेवणीतली दुसरी सुई काढली. मोठीला त्याला चौकोनावर येणारी प्रत्येक रेघ मधे तोडावी लागली, दोरा कापून पुन्हा धरावा लागला. कपाळाला हात लावत त्याने ते केले. पण काम झाल्यावर ती गोधडी त्याने स्वतः दुकानाच्या दारावर टाकून लांबून पाहिली. मी सौंदर्याबद्दल लिहू शकत नाही, मला ते शब्द येत नाहीत. पण चारी बाजूंनी पिके आणि मधे सारवलेले खळे असावे, तशी ती दिसत होती. एकही टाका तुकड्याला अडवत नव्हता. जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, "ही कुणाची?" तेव्हा मास्तर म्हणाला, "अम्माची."

आम्ही सांगावा धाडला. व्याही आणि विहीण, दोघेही आले. या वेळी त्यांनी जोडा लावला नाही. खाली बसून हात फिरवला. रेघांवरून हात चालत गेला आणि मध्यावर थांबला.

"हे काय? मधे सोडलं?"

"पोट हाय ते," बा म्हणाला.

"पोट? दर्ज्यानं दोरा वाचवला तुमचा. अर्धवट काम घेऊन आलात आन् मला पोट सांगून राह्यले."

माय दारात उभी होती. तिने विहिणीकडे पाहिले. "इहीणबाई, तुम्हाला तर ठावं हाय."

विहीण धनगरवाड्यात वाढलेली. तिच्या आईने तिला दिलेली हातची वाकळ अक्काने सासरी पेटीत पाहिली होती, तिच्या पोटातले दाणे हाताला लागतात, असे अक्का आम्हाला सांगे. विहिणीने नवऱ्याकडे पाहिले. मग पदर नीट केला. बाळाच्या टोपीची नाडी बांधली. ती काही बोलली नाही.

व्याही माणूस गर्विष्ठ आहे, पण त्याला खरोखरच ठाऊक नसेल असे मी धरून चालतो. तो पुरुष आहे, आणि आमच्याकडे पुरुषांना आपण काय पांघरतो ते ठाऊक नसते. पण जिला ठाऊक होते तिने तोंड उघडले नाही. एक शब्द पुरला असता. 'असतं असं,' एवढे जरी ती म्हणाली असती तरी माझी बहीण त्या दिवशी गाडीत बसली असती. मला तिच्या अडचणी समजत नाहीत असे नाही. तिलाही त्या घरात नांदायचे आहे. तरीसुद्धा मी तिला माफ करू शकत नाही. चांगल्या मुलाने असे लिहू नये, हे मला कळते.

"पुरी करून घ्या," व्याही उठत म्हणाले. "मंग गाडी पाठवतो."

मी मधे गेलो. "मामा, ती पुरी आहे. तुम्ही मशीनची टीप मागितलीत, मशीनची केली. आता आणखी काय पाहिजे ते एकदाच सांगा."

"उर्दू शिकला, पण भांडायला मराठीच लागती," ते म्हणाले, आणि आलेली गाडी रिकामी घेऊन गेले. अक्का बाळाला घेऊन आत उभी होती. तिने लुगडेसुद्धा नेसून ठेवले होते.

त्यानंतर घरात बा मायला समजावत राहिला. चार टाके घालून टाक. जवार काढून टाक, नाहीतर हाताने घाल, कोण बघतो. लेकीच्या संसाराचा सवाल आहे. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेजारणी आत येऊन तेच सांगत. अक्का काहीच म्हणत नव्हती, आणि ते सगळ्यात जड होते. माय ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायची. एकदाच म्हणाली, "फेर उसवला मी. मशीनची टीप घेतली. जालन्याला गेल्ते. आता बस्स."

मी तिला इतके ठाम कधी पाहिले नव्हते. मला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण किंमत मायला नाही, अक्काला द्यावी लागणार होती. सासरी न नेलेल्या लेकीकडे गाव कसे पाहते ते मला माहीत आहे. पाणी भरायला गेल्यावर बायका काय विचारतात तेही अक्का सांगायची. "गाडीचं चाक मोडलं का गं तुझ्या सासऱ्याच्या?" असे विचारून त्या हसत. चूक कोणाची, आणि हसणे कोणावर.

सुट्टी संपली आणि मला औरंगाबादला परत यावे लागले. इथे आल्यावर काही दिवस माझे अभ्यासात लक्ष लागले नाही. वर्गात आम्हाला हक्क आणि न्याय यांवर धडे असतात. उर्दूत ते शब्द फार सुंदर आहेत. मी उत्तरे लिहितो, मला गुणही मिळतात. पण ते लिहिताना मला जोड्याने उलटलेला काठ दिसतो आणि ही उत्तरे कोणासाठी लिहितो आहे, ते मला कळेनासे होते.

घरून काही कळायला मार्ग नव्हता. आमच्या घरात लिहिता येणारा मी एकटा, आणि मीच इथे. बा दुसऱ्या कोणाकडून चिठ्ठी लिहवून घेईल असा नाही. घरची गोष्ट दुसऱ्याच्या हातून कागदावर जावी हे त्याला आवडत नाही. पाऊसकाळ गेला. मी स्टेशनावर जाऊन बदनापूरकडून येणाऱ्या गाड्या पाहायचो. ओळखीचे कोणी उतरायचे नाही.

शेवटी परवा आमच्या गावचे एक काका कापसाच्या कामाने इथे आले आणि विचारत विचारत बोर्डिंगवर पोचले. मी त्यांना पाणी दिले. त्यांनी आधी पिकाचे सांगितले, मग बैलाचे. मला धीर निघेना.

"काका, अक्का?"

"गेली की," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आधीच गेली. तुला ठावं न्हाई?"

"कोण आलं होतं?"

"सासू आल्ती. एकटीच, गाडी जोडून. इवाई न्हाई आला. नातवाबिगर करमंना म्हणली, गोधड्या हायत तशा द्या म्हणली. तुमच्या ओसरीवर सगळ्यांच्या देखत बसली. ह्ये असंच असतंय, म्हणली."

म्हणजे बोलली. इतक्या उशिरा का होईना. माझा राग तिथेच विरायला हवा होता. पण तो विरला नाही. जे एका शब्दाने त्या दिवशी झाले असते त्यासाठी माझी बहीण सबंध पावसाळा पाणवठ्यावर खाली मान घालून गेली.

"मग दोन्ही गोधड्या गेल्या?" मी विचारले.

काका खो खो हसले. "न्हाई. बाळाची दिली. मोठी तुझ्या मायनं ठेवून घेतली. ज्या घरानं तिला अर्धवट म्हणलं, त्या घरी न्हाई देत म्हणली."

"आणि मग?"

"मंग काय. गाडी भरलेली, पोरगी बसलेली. कोण काय बोलंल? गेली गाडी."